सोहारचा एक दिवस

“आई, ओमान पण घेऊया का?” जितेशने लॅपटॉपवरची नजर न काढता विचारलं.

चंद्रकांता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून मोड आलेले वाल सोलत होती. चिमटीत दाबला की दाणा सालातून निसटून पातेल्यात पडे. तिचा हात थांबला नाही.

“कुठे घेऊया?”

“ट्रिपमध्ये. दुबईजवळ रास अल खैमाला चार दिवस बीचवर आहोतच. तिथून ओमानची बॉर्डर जवळ आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत. एजंट म्हणतो, बरेच लोक जोडून करतात.”

“तिथे काय आहे?”

जितेशने स्क्रीन तिच्या बाजूला तिरपी केली. पांढऱ्या भिंतींचा एक किल्ला होता, मागे निळं पाणी. “किल्ला आहे. समुद्र आहे.”

“समुद्र अर्नाळ्याला पण आहे,” चंद्रकांता म्हणाली.

ओट्यापाशी उभ्या असलेल्या हेमालीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कुकरकडे वळली. नऊ वर्षांची उन्नती पोहायचा नवा चष्मा लावून सोफ्यावर बसली होती. ती म्हणाली, “ओमान घेतला तर माझे दोन देश होतील. वर्गातल्या विनीचे तीन झालेत.”

“गुरुवारपर्यंत कळवायचंय,” जितेश म्हणाला. “ओमानला जाऊन परत यायचं तर दुबईचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. दोनदा आत शिरायचा. म्हणून विचारतोय.”

“बघू,” चंद्रकांता म्हणाली आणि सालं वर्तमानपत्रात गुंडाळायला उठली.

विरारच्या त्या घरात ओमान हा शब्द पंधरा वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. जितेशने तो इतक्या सहज उच्चारला, त्यावरूनच त्याने बरीच तयारी केली असणार हे तिला कळलं.

चंद्रकांता चुरी आरोग्य खात्यात नर्स होती. पस्तीस वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची अकरा चांदीपच्या बाजूला. लसींचा डबा खांद्याला लावून पाड्यापाड्यावर जायचं, बाळंतिणी बघायच्या, रजिस्टर भरायची. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. तिच्या हाताला चांगला गुण आहे असं लोक म्हणायचे. तिला स्वतःला त्यात काही विशेष वाटत नसे. काम नीट केलं की ते नीट होतं, एवढंच तिला माहीत होतं.

लग्न झालं तेव्हा शंकर वसईच्या वाड्यांमधल्या विहिरींवरचे आणि बावखलं म्हणतात त्या तळ्यांवरचे पंप दुरुस्त करायचा. केळीच्या, पानवेलीच्या वाड्यांना पाणी याच पंपांवर मिळायचं, त्यामुळे त्याला कामाची कमी नव्हती. पंच्याण्णव साली वसईतल्या होळी गावच्या केविनबरोबर तो ओमानला गेला. तिकडेही पंपच. दोन वर्षांनी एकदा यायचा, महिनाभर राहायचा. घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक बिजागरी तपासायचा आणि पुन्हा जायचा. शेवटचा आला तो २००३च्या मे महिन्यात. जितेश तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे दर शुक्रवारचा फोन महिन्यावर गेला, मग सणावारी आला, मग बंद झाला.

२००९च्या नाताळात केविन सुट्टीवर आला होता. तो तिला बाजारात भेटला. तिच्या पिशवीत मांदेली होती. केविन पायाकडे बघत म्हणाला, “वहिनी, शंकर सोहारमध्ये आहे. बरा आहे.” मग थोडं थांबून म्हणाला, “एकटा नाही.”

तिने विचारलं, “कोण आहे?”

“श्रीलंकेची आहे. हॉस्पिटलात साफसफाईला होती.”

“बरं,” असं म्हणून ती घरी आली. मांदेली साफ केली, तळली. दुसऱ्या दिवशी पोलिओचा रविवार होता. संध्याकाळपर्यंत तिने दोनशेवर पोरांच्या तोंडात थेंब घातले आणि प्रत्येकाच्या करंगळीला शाई लावली. रात्री जितेशला सांगितलं, “बाबांनी तिकडे घर केलंय. आता यायचे नाहीत.” जितेश “बरं” म्हणाला. तो तिच्याच सुरात “बरं” म्हणाला हे तिच्या लक्षात आलं होतं.

त्यानंतर काहीतरी होईल याची ती वाट बघत राहिली. राग येईल, रडू येईल. लस टोचल्यावर पोराला ताप येतोच, घाबरू नका, असं ती आयांना सांगायची. काही पोरांना येतच नसे. तिलाही आला नाही. मंगळसूत्र गळ्यात राहिलं, कारण काढायचं तर लोकांना कारण सांगावं लागलं असतं. नोकरीच्या, बँकेच्या, रेशनच्या फॉर्मवर ती चंद्रकांता शंकर चुरी अशीच सही करत आली.

जेवणं झाल्यावर जितेश उन्नतीला घेऊन खाली आइस्क्रीम आणायला गेला. हेमाली भांडी विसळत होती. चंद्रकांता पुसून जागेवर ठेवत होती.

“आई,” हेमाली म्हणाली, “किल्ला बघायला नाही जायचंय.”

“कळलं ते.”

“केविन अंकलचा फोन आला होता, गणपतीच्या आधी. बाबांना पॅरालिसिस झालाय. उजवी बाजू गेली. बोलता पण येत नाही.” ती अडखळली. “जितेश दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करतो. ऑफिसमधून. मलाही त्याने दोन महिन्यांनी सांगितलं.”

“आणि ती बाई?”

“ती चार वर्षांपूर्वीच गेली तिच्या देशात.”

चंद्रकांताने कुकरची शिट्टी पुसली. “नळ बंद कर. पाणी जातंय.”

हेमालीने नळ बंद केला. “तुम्हाला राग आला?”

“नाही.”

ते खरं होतं. तिने आत चाचपून पाहिलं. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो आणि दाबला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीतरी होतं. दुखत नव्हतं.

सोमवारी सकाळी ती होळी गावात गेली. केविनचं घर बाजारापासून आत, वाडीला लागून होतं. त्याला ओमान सोडून सहा वर्षं झाली होती. आता घरापुरती भाजी आणि थोडा सोनचाफा करत होता. तिला फाटकात पाहिल्यावर त्याने हातातली पाण्याची नळी तशीच खाली टाकली. पाणी आळ्याबाहेर वाहत राहिलं. त्याची बायको एलिना बाहेर आली, त्यांच्या घरच्या बोलीत त्याला काहीतरी म्हणाली, नळ बंद करून आली आणि चहा टाकायला आत गेली.

“वहिनी, मी तुमच्याकडे यायला पाहिजे होतं,” केविन म्हणाला. “पण पाय नाही उठले. बाजारात ते सांगितल्यापासून तुमच्यासमोर यायची हिंमतच गेली.”

“तुम्ही काय केलंत? खरं तेच सांगितलंत.” ती ओट्यावर बसली. “आता पण सगळं सांगा. जितेशला काय काय सांगितलंय?”

केविनने सांगितलं. बाई गेल्यावर शंकर दुकानामागच्या खोलीत राहायला आला. पंपांचं दुकान होतं, तिथे तो वीस वर्षं काम करत होता. मालक म्हातारा अरब, माणूस चांगला. मे महिन्यात शंकर दुकानातच कोसळला. हॉस्पिटलात महिनाभर होता, मग परत खोलीवर. रफीक नावाचा बांगलादेशी स्वयंपाकी होता, पन्नाशी उलटलेला, तो भरवायचा, स्वच्छ करायचा. कागदपत्रं मालकाने नीट ठेवली होती.

“पण रफीक पण कायमचा जाणार आहे, ईदनंतर. मालकाने मला फोन करून विचारलं, ह्याच्या घरी कोणी आहे का. मी काय सांगू? मी म्हटलं, मुलगा आहे.”

“मुलगा आहेच,” चंद्रकांता म्हणाली.

“बायकोचं नाही बोललो मी. ते माझ्या तोंडात नाही आलं.”

एलिनाने चहा आणला आणि तिच्या शेजारी बसली. चंद्रकांताला ते बरं वाटलं. तिने चहा संपवला, कप खाली ठेवला.

“झोपूनच असतात का?”

“झोपूनच. उशीला टेकवून बसवतात कधी.”

“पाठीला जखमा आहेत?”

केविनने मान हलवली. “रफीक म्हणत होता, पाठीला खाली काहीतरी झालंय. हळद लावतो म्हणे, आणि कसलं तरी मलम.”

“केवढं झालंय?”

“ते नाही विचारलं, वहिनी. मला काय कळतंय त्यातलं?”

परत येताना रिक्षात तिला चांदीपचा एक म्हातारा आठवला. शेतात पडून त्याची कंबर मोडली होती. सुना चांगल्या होत्या, पोटभर जेवायला घालायच्या. पण त्याला कुशीवर वळवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चंद्रकांता पोचली तेव्हा माकडहाडावरची जखम हाडापर्यंत गेली होती आणि त्यात त्यांनी राख भरली होती. तीन आठवडे ती रोज जात राहिली. म्हातारा वाचला नाही. त्याचं नाव तिला आता आठवत नव्हतं. जखम मात्र डोळ्यांपुढे होती, तिच्या कडा, तिचा वास.

मंगळवारी जितेश ऑफिसमधून लवकर आला. हेमालीने त्याला सांगितलं असावं. तो तिच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसला. पस्तिशीचा माणूस, केस पुढून विरळ झालेले. बसताना त्याने हात गुडघ्यांच्या मध्ये धरले होते, लहानपणी परीक्षेचा निकाल सांगताना धरायचा तसे.

“मी लपवायला नको होतं.”

“लपवलंस ते ठीक आहे. सांगितलं असतंस तरी मी काय करणार होते?”

“आई, बीचची ट्रिप मी त्यासाठी नाही काढली. उन्नतीला खरंच जायचं होतं. नकाशा बघताना दिसलं की सोहार अडीच तासांवर आहे. मग ते डोक्यातून जाईना.” तो थांबला. “तू नको म्हणालीस तर ओमान नाही घेणार. बीच करू, परत येऊ. नंतर मी एकटा जाऊन येईन, नाहीतर नाही जाणार.”

“बघून काय करणार आहेस?”

“माहीत नाही.”

“भांडायचंय?”

“बोलता येत नाही त्यांना. काय भांडू?” जितेशने चष्मा काढून शर्टाला पुसला. “मला त्यांचा आवाज आठवत नाही. म्हणून पहिल्यांदा फोन लावला होता. तेव्हा माहीत नव्हतं, बोलणं किती गेलंय ते. नुसतं बघत राहिले माझ्याकडे. मी पण.”

चंद्रकांता कपाटातल्या साड्यांच्या घड्या सारख्या करत होती. काहीतरी म्हणायला हवं होतं. मुलाच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. तिने ठेवला. हात ठेवलाय हे तिला दिसत होतं.

“आणि घरी आणायचं म्हणालास तर?” तिने विचारलं.

“तसं मी म्हटलंय का?”

“म्हटलं नाहीस. विचारतेय.”

जितेशने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. बाहेर उन्नती हेमालीला पाढे म्हणून दाखवत होती. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते एक्क्याण्णव. दोघांनी पाढा संपेपर्यंत ऐकला आणि मग तो उठून गेला.

बुधवारी दुपारी चंद्रकांता औषधांच्या दुकानात गेली. दुकानदार तिला ओळखत होता. तिने यादी पुढे केली. सलाइनच्या बाटल्या, निर्जंतुक गॉझ, चिकटपट्टी, हातमोजे, जखमेवर लावायचं जेल, टाचेखाली ठेवायच्या गाद्या.

“घरात कोण आजारी आहे का सिस्टर?”

“घरात नाही,” ती म्हणाली. “प्रवासात लागेल.”

संध्याकाळी जितेश बूट काढत होता तेव्हा तिने पिशवी त्याच्यासमोर ठेवली.

“एकच दिवस. उन्नतीला तिथे न्यायचं नाही, ती आणि हेमाली बीचवर राहतील. हे सगळं मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत सलाइन नेऊ देत नाहीत म्हणतात. एजंटला सांग, घेतलं म्हणून.”

जितेशने पिशवीत पाहिलं. “आई, तू नक्की—”

“कुणीतरी ती जखम नीट बघायला पाहिजे,” ती म्हणाली. “इतके दिवस हळद लावतायत.”

उन्नतीला सांगितलं की आजी आणि बाबा एका आजारी माणसाला बघायला जाणार आहेत. तिने फक्त एवढंच विचारलं की मग तिचा देश एकच होणार का. हो, म्हटल्यावर ती थोडी हिरमुसली आणि विसरून गेली.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते गेले. रास अल खैमाचा बीच स्वच्छ होता, वाळू चाळून ठेवल्यासारखी बारीक. सगळीकडे आरामखुर्च्या आणि छत्र्या. चंद्रकांता साडीवर स्वेटर घालून एका खुर्चीत बसून राही. उन्नती तिचे पाय वाळूत पुरे, मग ते उकरून काढी, पुन्हा पुरे. हेमालीने फोटो काढले. फोटोत चंद्रकांता सांगितल्यावर हसली होती. नाश्त्याला अठरा प्रकार होते. ती रोज दोन टोस्ट आणि चहा घेई. तुला आवडतंय ना, असं जितेशने दोनदा विचारलं, ती दोनदा हो म्हणाली. आवडत नाही असंही काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गाडी आली. बोडक्या डोंगरांमधून रस्ता पलीकडच्या किनाऱ्याला उतरला. सीमेवर दोनदा उतरावं लागलं. काचेमागच्या अधिकाऱ्याने तिच्या पासपोर्टवर शिक्का मारला आणि हसून काहीतरी म्हणाला. जितेशने सांगितलं, “वेलकम म्हणतोय.” पुढे सगळा रस्ता डाव्या हाताला समुद्र होता.

दुकान मोठ्या रस्त्यावरच होतं. पुढे उघडून टाकलेले पंप, ऑइलचा वास. पांढरा पायघोळ झगा घातलेला म्हातारा मालक उठून बाहेर आला. त्याने जितेशचा हात दोन्ही हातांत धरला आणि चंद्रकांतासमोर स्वतःच्या छातीवर हात ठेवून मान लववली. ही कोण, हे त्याने विचारलं नाही. रफीक त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेला.

खोली लहान पण झाडलेली होती. खिडकीत एसी गुरगुरत होता. पलंगावर एक बारीक माणूस उताणा पडला होता. केस पूर्ण पांढरे, तोंड उजवीकडे ओघळलेलं. तिने त्याला ओळखलं ते कानांवरून. जितेशचे कान तसेच होते.

जितेश दारात थांबला. मग पुढे जाऊन म्हणाला, “बाबा, मी आलोय.”

शंकरचे डोळे त्याच्याकडे गेले, मग तिच्याकडे आले आणि तिथेच राहिले. घशातून आवाज निघाला, त्याचा शब्द झाला नाही. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. अशा आजारात पेशंटला कारण नसताना रडू येतं, कारण नसताना हसू येतं, हे चंद्रकांताला ठाऊक होतं. कारण आहे की नाही, हे बघून सांगता येत नाही.

तिने पिशवी स्टुलावर ठेवली. बांगड्या वर सारल्या. मोरीत साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. पलंगाशी आल्यावर तिला क्षणभर काय म्हणून हाक मारावी ते कळेना. पूर्वी ती ‘अहो’ म्हणायची. ते ओठांवर आलं नाही. मग ती प्रत्येक पेशंटला म्हणायची तेच म्हणाली.

“जरा कूस बदलूया हं. दुखलं तर हात दाबा.”

रफीकने खांदा धरला, तिने कंबर. शंकर हलका होता. पाठीवर खाली, माकडहाडापाशी, जखम होती. तळहाताएवढी, हळदीने पिवळी पडलेली, कडा ओल्या. तिने वाकून नीट पाहिलं. हाडापर्यंत गेलेली नव्हती. दुसरी डाव्या टाचेवर, अजून फुटायची होती.

“वेळेवर आहे,” ती जितेशला म्हणाली. “भरेल ही.”

जितेश भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. “बाहेर बस जरा,” ती म्हणाली. तो गेला नाही.

सलाइनने हळद धुवायलाच वीस मिनिटं लागली. तिने घाई केली नाही. एकेक गॉझ भिजवायचा, टिपायचा, टाकायचा. शंकरचा श्वास मध्येच अडके, मग ती थांबे आणि पुन्हा सुरू करी. जखम गुलाबी दिसायला लागली तशी तिने जेल लावलं, गॉझ ठेवला, पट्टी चिकटवली. त्याच्या पाठीवर डाव्या खांद्याखाली एक जुना व्रण होता. वाडीत पंप उतरवताना साखळी लागून झालेला. टाके तिनेच काढले होते. तिने तो पाहिला आणि सदरा खाली ओढला.

मग तिने रफीकला शिकवलं. तिचं हिंदी मोडकं होतं, त्याचंही.

“हर दो घंटे में करवट. घड्याळ देखके. पहले ये बाजू, फिर सीधा, फिर ये बाजू. हळदी नहीं, पावडर नहीं. एड़ी के नीचे ये गादी.”

“जी अम्मा,” रफीक म्हणाला. त्याने ते सगळं एका वहीत बंगालीत लिहून घेतलं आणि तिला परत वाचून दाखवलं. तिला अक्षर ओळखता आलं नाही, पण क्रम बरोबर होता.

तिने शंकरची नखं कापली, उजव्या हाताची आखडलेली बोटं एकेक उघडून आतला मळ पुसला. दाढी रफीकने आदल्या दिवशीच केली होती. पाहुणे येणार म्हणून, तो म्हणाला.

मालकाने खजूर आणि कडू कॉफी पाठवली. मायलेक मागच्या अंगणात एका उलट्या ठेवलेल्या टाकीवर बसले. ऊन कोवळं होतं. जितेश कप हातात फिरवत होता.

“मला आणायचंय त्यांना,” तो म्हणाला. “हेमालीशी बोललोय. ती हो म्हणते, पण म्हणते आईंना विचार. तू हवं तर नको म्हण, आई. मला चालेल.”

चंद्रकांताने खजुराची बी कागदात ठेवली.

“आण. रफीक जायच्या आत आण. एअरलाइनला आधी कळवावं लागेल, झोपवून न्यायचं असेल तर. मी चिठ्ठीत लिहून देते काय काय सांगायचं ते.” ती थोडी थांबली. “पलंग हॉलमध्ये टाकायचा. उंच पाहिजे, मला वाकता येत नाही आता. ड्रेसिंग मी करीन, जेवण मी भरवीन. ते माझं काम आहे, मला येतं.”

“आई…”

“बाकीचं माझ्याकडून मागू नकोस. तू पण नको आणि त्यांनी पण नको. माझ्याकडे ते नाहीये. असतं तर दिलं असतं.”

जितेशने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने पदराच्या टोकाने त्याच्या हनुवटीला लागलेली कॉफी पुसली.

तीन वाजता ड्रायव्हरने हॉर्न दिला. सीमेवर संध्याकाळी गर्दी होते, तो म्हणाला होता. जितेश आत जाऊन वडिलांच्या पायांना हात लावून आला आणि गाडीकडे गेला. चंद्रकांता उरलेलं सामान रफीकच्या हवाली करायला आत थांबली. सलाइनच्या बाटल्या मोजून दाखवल्या. मग पलंगाशी जाऊन शंकरच्या अंगावरची चादर सारखी केली.

शंकरने डावा हात उचलून तिचं मनगट धरलं. त्या हातात अजून जोर होता. पान्याने नट पिळणारा हात, बोटांच्या पेरांवर जुने घट्टे. तो तिच्याकडे बघत होता आणि घशात काहीतरी जुळवायचा प्रयत्न करत होता.

तिने वाट पाहिली. शब्द आला नाही. मग तिने दुसऱ्या हाताने त्याचा हात हळूच सोडवला, उलटा केला, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर ठोके मोजले. एसीचा आवाज येत होता. शंकर शांत पडून राहिला.

“शहात्तर,” ती म्हणाली. “नीट आहे.”

तो हात तिने चादरीवर ठेवला. उंबऱ्यापाशी येऊन चपला घातल्या. घरातून निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही, तसं म्हणायची जिभेला सवयच नसते.

“येते,” ती म्हणाली आणि उन्हात बाहेर पडली.